प्रदर्शन थोड्या दिवसांचे का असते?

मराठवाड्यातली सर्वांत मोठी चित्रसंपदा कुठल्याच संग्रहालयात नाही. ती छत्रपती संभाजीनगरपासून शंभरएक किलोमीटरवर, वाघूर नदीच्या वळणावर, डोंगर कोरून काढलेल्या लेण्यांच्या भिंतींवर आहे. ही चित्रे खिळ्यावरून उतरवून पेटीत घालता येत नाहीत आणि दुसऱ्या शहरात चार महिने टांगताही येत नाहीत. म्हणून एकोणिसाव्या शतकात जगाने अजिंठा पाहिला तो बहुतांशी नकलांतून आणि प्रदर्शनांतून. त्या नकला काढताना माणसांनी आयुष्याची वर्षे घातली. जहाजांतून त्या समुद्रापार गेल्या, लंडनच्या दालनांत लागल्या आणि त्यांतल्या कितीतरी आगीत गेल्या.

संग्रहालयातले तात्पुरते प्रदर्शन म्हणजे काय, ते थोड्याच दिवसांत का आवरतात, दालनात उजेड इतका मंद का असतो आणि नक्कल पाहण्यात अर्थ काय, या प्रश्नांची उत्तरे अजिंठ्याच्या नकलांच्या इतिहासात जितकी स्पष्ट मिळतात तितकी क्वचितच कुठे मिळतील.

आधी मूळ भिंत

नक्कल समजायची तर मूळ कशाचे बनले आहे ते आधी पाहावे. अजिंठ्यात 30 लेणी आहेत. त्यांतली सर्वांत जुनी, 9 आणि 10 क्रमांकांची चैत्यगृहे धरून, इसवी सनापूर्वीची आहेत. ज्यांच्यासाठी अजिंठा प्रसिद्ध आहे ती 1, 2, 16 आणि 17 क्रमांकांच्या लेण्यांतली चित्रे बहुतेक पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने दान दिले, असे तिथला शिलालेख सांगतो.

छिन्नीने मुद्दाम खडबडीत ठेवलेल्या दगडावर आधी मातीचा गिलावा चढवला. त्या मातीत भाताचे तूस, गवताचे तंतू, वाळू असे मिसळले. त्यावर चुन्याचा पातळ हात देऊन पृष्ठभाग पांढरा आणि गुळगुळीत केला आणि तो वाळल्यावर रंगवले. ओल्या चुन्यावर रंगवण्याची युरोपातली पद्धत इथली नव्हे. तांबडा गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी, चुना हे रंग साधे, आसपासच्या भूमीतून मिळणारे. निळा मात्र दूरचा. लाजवर्द नावाचा तो दगड आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून व्यापारी मार्गांनी इथवर आला.

पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर उभे राहिलात तर हे सगळे एका जागी दिसते. उजव्या हातात नाजूकपणे धरलेले कमळ, उंच मुकुट, गळ्यातला मोत्यांचा सर, झुकलेली मान आणि खाली वळलेली नजर. डोळ्यांच्या पापण्या आणि भुवया एकेका सलग रेषेत उतरल्या आहेत. कुठे हात थांबल्याची खूण नाही. नाकाच्या शेंड्यावर आणि ओठांवर उजळ रंगाचा हलका स्पर्श आहे, त्यामुळे चेहरा भिंतीतून पुढे आल्यासारखा वाटतो. नंतर नजर कडेला न्यावी. जिथे गिलावा निखळला आहे तिथे चित्राची जाडी दिसते. वर रंगाचा पापुद्रा, मग पांढरा थर, मग तंतूमिश्रित माती आणि शेवटी काळा दगड. दीड हजार वर्षे हे सारे त्या मातीच्या पकडीवर टिकून आहे.

ही पकडच नाजूक आहे. मातीतल्या तंतूंवर किडे येतात, पावसाळ्यात दमट हवेने गिलावा फुगतो, वटवाघळांच्या विष्ठेने आणि जुन्या काळातल्या चुलींच्या धुराने रंग मळतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेतले राजदेव सिंह आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातले म. म. सरदेसाई यांनी 2016 साली वेरूळच्या गिलाव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना त्या मातीत भांगेच्या झाडाचे अंश मिळाले आणि किडीपासून गिलावा वाचण्यामागे तेही एक कारण असावे असे त्यांनी मांडले. अजिंठ्याच्या मातीत ते अंश सापडले नाहीत आणि तिथे किडीचे नुकसान अधिक आहे. एकाच जिल्ह्यातल्या दोन लेण्यांचे नशीब गिलाव्यातल्या एका मिसळीने असे वेगळे झाले असेल.

गिल: वीस वर्षांचे काम आणि एक आग

28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ हा मद्रास घोडदळातला अधिकारी शिकारीच्या निमित्ताने इथे आला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरली. ते नाव आज डोक्याच्या वर दिसते, कारण तेव्हा लेणे ढिगाऱ्याने भरले होते आणि तो त्या ढिगाऱ्यावर उभा होता. चित्रावर नाव कोरण्याची वाईट सवय किती जुनी आहे, हेही त्या खांबावर कळते.

1844 साली ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास फौजेतले अधिकारी रॉबर्ट गिल यांना चित्रांच्या नकला काढायला पाठवले. पुढची जवळजवळ वीस वर्षे ते अजिंठ्यातच राहिले. तैलरंगांत, मोठमोठ्या कापडांवर, मूळ आकाराच्या नकला त्यांनी केल्या. पारो या इथल्या स्त्रीशी त्यांचे नाते जुळले. 1856 साली ती वारली, तिची कबर अजिंठा गावात आहे. ना. धों. महानोरांनी या दोघांवर दीर्घकाव्य लिहिले आणि पुढे त्यावर चित्रपटही आला. मराठी वाचकाला गिल ठाऊक आहेत ते बहुधा या प्रेमकथेमुळे. त्यांच्या कामाची गोष्टही तितकीच हृदयाला भिडणारी आहे.

गिलच्या नकला लंडनजवळ सिडनहॅम इथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. लोखंड आणि काचेची ती प्रचंड इमारत त्या काळातले सर्वांत गाजलेले प्रदर्शनस्थळ होती. डिसेंबर 1866 मध्ये तिथे आग लागली आणि गिलच्या बहुतेक सगळ्या नकला जळाल्या. मोजक्याच तेवढ्या वाचल्या. गिल पुन्हा अजिंठ्याला गेले, कॅमेरा घेऊन, हातात रंग घेऊन. 1879 साली ते वारले आणि भुसावळला त्यांना मूठमाती मिळाली.

ग्रिफिथ्स: दुसरा प्रयत्न, दुसरी आग

1872 साली मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येऊ लागले. दर वर्षी हवा अनुकूल असताना यायचे, लेण्यांत मचाण बांधायचे, काम करायचे आणि परत जायचे, असा क्रम 1885 पर्यंत चालला. पुढे नामांकित चित्रकार झालेले पेस्तनजी बोमनजी या विद्यार्थ्यांत होते. भारतीय चित्रकारांची एक पिढी इथल्या भिंतींसमोर उभी राहून रेषा शिकली, हे या कामाचे मोठे फळ.

सुमारे 300 नकला तयार झाल्या आणि लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेल्या. 1885 साली तिथेही आग लागली आणि बऱ्याच नकला नष्ट झाल्या. उरलेल्या आजही तिथल्या संग्रहात आहेत. ग्रिफिथ्स यांनी 1896-97 मध्ये दोन मोठ्या खंडांत आपले काम छापून काढले, म्हणून जळालेल्या काही नकलांचा तरी माग राहिला.

या कामाची किंमत मूळ भिंतीनेही मोजली. रंग स्पष्ट दिसावेत म्हणून चित्रांवर वार्निश फिरवले गेले. त्या वेळी रंग उजळले, नक्कल सोपी झाली. पुढे ते वार्निश पिवळे, मग तपकिरी पडले आणि खालचे चित्र झाकोळले. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारने इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी हे जतनतज्ज्ञ आणले. सुटणारे गिलावे त्यांनी कडेने पक्के केले, मोठे काम झाले. पण त्यांनी वापरलेली लाखही काळाच्या ओघात काळवंडली. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना हे थर पापुद्र्या-पापुद्र्याने उतरवण्यात कित्येक वर्षे घालवावी लागली. आज संग्रहालयशास्त्रात एक नियम पक्का मानतात: जे पुढे काढता येणार नाही ते वस्तूला लावू नये. तो नियम अशा भिंतींनी शिकवला आहे.

नकला थांबल्या नाहीत

1909 ते 1911 या दरम्यान लेडी ख्रिस्तियाना हेरिंगम यांनी नकलांची नवी मोहीम काढली. त्यांच्याबरोबर बंगालचे नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्ता, म्हैसूरचे के. वेंकटप्पा आणि हैदराबादचे सय्यद अहमद व मुहम्मद फजलुद्दीन हे तरुण चित्रकार होते. पुढे सय्यद अहमद अजिंठ्याचेच अभिरक्षक झाले आणि त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या नकला हैदराबादच्या सरकारी संग्रहालयात लागल्या. तिथले अजिंठा दालन आजही पाहण्यासारखे आहे. 1914 साली स्थापन झालेल्या हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याजदानी यांनी 1930 पासून अजिंठ्यावरचे खंड प्रसिद्ध केले. त्यांत हातच्या नकलेची जागा रंगीत छायाचित्राने घेतली होती.

जपानी चित्रकार आराई काम्पो 1917-18 च्या सुमारास इथे आले. जपानमधल्या होर्युजी मंदिरातल्या भित्तिचित्रांचे नाते अजिंठ्याशी जोडून पाहणाऱ्या अभ्यासकांना या भिंतींची ओढ होती. जपानला नेलेले ते काम 1923 च्या टोकियोच्या भूकंपात गेले. त्याच 1923 साली आना पाव्हलोव्हा या नर्तिकेने लंडनमध्ये अजिंठ्यावरून सुचलेला बॅले सादर केला. 1936 मध्ये अमृता शेरगिल अजिंठा-वेरूळला येऊन गेल्या आणि त्यानंतरच्या त्यांच्या चित्रांतली माणसे, रंग आणि मांडणी बदलली. 1937 चे ‘ब्राइड्स टॉयलेट’ पाहताना ते सहज जाणवते.

आता या नकलांकडे नव्या नजरेने पाहायला हवे. 1850 किंवा 1875 साली भिंतीवर जे होते, त्यातले काही आज तिथे नाही. गिलावा पडला, रंग उडाला. नकलेत मात्र तो कोपरा आहे. म्हणजे नक्कल ही त्या दिवशीच्या भिंतीची नोंद आहे. संग्रहालयात ‘प्रतिकृती’ अशी पाटी दिसली की पुष्कळ लोक पुढे सरकतात. तिथे थांबून तीन गोष्टी वाचाव्यात: कोणी केली, कधी केली आणि तेव्हा मूळ कोणत्या अवस्थेत होते.

उजेडाचा हिशोब

आग आणि भूकंप हे मोठे शत्रू. रोजचा शत्रू उजेड आहे. कापड, कागद, जलरंग, लघुचित्रे यांवरचे रंग उजेडाने फिकट होतात आणि हे नुकसान कधीही भरून येत नाही. अंधारात ठेवल्याने पुढचे थांबते, झालेले परत येत नाही.

म्हणून जगभरची संग्रहालये अशा वस्तूंसाठी 50 लक्स इतकाच उजेड ठेवतात. तैलचित्रांसाठी साधारण 200 लक्स चालतो. आपण घरात वाचायला लावतो तो दिवा पुस्तकाच्या पानावर 300 ते 500 लक्स पाडतो आणि भर दुपारच्या उन्हात हा आकडा लाखापर्यंत जातो. वस्तू किती तास किती उजेडात राहिली, याचा गुणाकार महत्त्वाचा. 50 लक्समध्ये रोज 8 तास अशी 100 दिवस ठेवलेली पैठणी 40,000 लक्स-तास सोसते. तीच पैठणी 200 लक्समध्ये ठेवली तर एवढा उजेड अवघ्या 25 दिवसांत सोसून होतो. प्रदर्शन तीन-चार महिन्यांत का आवरतात आणि नंतर ती वस्तू वर्षानुवर्षे कोठारात का विसावते, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

छत्रपती संभाजीनगरला हे विशेष लागू पडते. इथला वारसा जितका दगडाचा आहे तितकाच धाग्याचा आहे: पैठणी, हिमरू, मशरू. दगडाची मूर्ती वर्षभर दालनात राहू शकते. रेशमाला विश्रांती लागते. महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तुसंग्रहालयात चिलखते आणि शस्त्रांबरोबर जुनी पैठणीही आहे. अशा वस्तूसमोर उजेड कमी वाटला तर कुरकुर न करता मिनिटभर थांबावे. डोळे सरावले की जरीचा काठ दिसू लागतो. फ्लॅश वापरू नका, ही सूचनाही याच कारणासाठी असते.

अजिंठ्यातले मातीचे आणि दगडाचे रंग उजेडाला त्या मानाने पक्के आहेत. तिथे धोका अधिक आहे तो आपल्या श्वासाचा, घामाचा आणि गर्दीने वाढणाऱ्या दमटपणाचा. चित्रे असलेल्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच लोकांना आत सोडतात, ते यासाठी.

वस्तू प्रवासाला निघते तेव्हा

फिरत्या प्रदर्शनामागे किती काम असते हे प्रेक्षकाला दिसत नाही. वस्तू निघण्यापूर्वी तिच्या प्रत्येक ओरखड्याची, चिरेची, डागाची छायाचित्रांसह नोंद होते. पोहोचल्यावर ती नोंद समोर ठेवून दोन्ही बाजूंचे लोक वस्तू पुन्हा तपासतात. वस्तूच्या मापाची पेटी बनते. पेटी आली की लगेच उघडत नाहीत; साधारण 24 तास ती बंदच ठेवतात, म्हणजे आतली हवा दालनाच्या हवेशी जुळते. विमा असतो, करार असतो, बरोबर जाणारा माणूस असतो. शंभर वर्षांहून जुनी पुराणवस्तू देशाबाहेर न्यायची तर 1972 च्या पुराणवस्तू कायद्याखाली सरकारची परवानगी लागते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात नोव्हेंबर 2017 मध्ये ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ हे प्रदर्शन उघडले. ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्या सहकार्याने सुमारे 200 वस्तू नऊ कथांत मांडल्या होत्या. मुंबईनंतर ते दिल्लीला गेले. डिसेंबर 2023 मध्ये याच संग्रहालयात भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस आणि रोम इथली प्राचीन शिल्पे शेजारी-शेजारी उभी राहिली. तात्पुरत्या प्रदर्शनाचे खरे बळ हेच: एरवी हजारो किलोमीटर दूर असलेल्या दोन वस्तू एका खोलीत येतात आणि तुलना डोळ्यांसमोर घडते. याच संग्रहालयाची 2015 पासून फिरणारी ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस हे काम छोट्या प्रमाणावर गावोगावच्या शाळांपर्यंत नेते.

इथे काय, कसे पाहावे

सुरुवात सोनेरी महालापासून करावी. विद्यापीठाजवळ, डोंगराच्या पायथ्याशी असलेली ही वास्तू सतराव्या शतकात औरंगजेबाबरोबर दख्खनेत आलेल्या बुंदेला सरदाराने बांधली. आतल्या सोनेरी रंगकामामुळे तिला हे नाव पडले. आज तिथे राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. इथे शिल्पे पाहताना इमारतही पाहावी. विद्यापीठाच्या इतिहास विभागाच्या संग्रहालयात उत्खननांत मिळालेल्या वस्तू आहेत. सातवाहन काळ समजून घ्यायचा तर पैठणचे बाळासाहेब पाटील संग्रहालय आणि धाराशिव जिल्ह्यातले तेरचे रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय चुकवू नये. तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची बहीण शोभावी अशी मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईच्या राखेखाली मिळाली.

नवी चित्रे पाहायची असतील तर शासकीय कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शन गाठावे. तिथे चित्रकार स्वतः समोर उभा असतो आणि विचारलेले सांगतो.

दालनात शिरल्यावर आधी न थांबता एक फेरी मारावी. मग मन ओढ घेईल त्या दोन-तीन वस्तूंपाशी परत यावे आणि प्रत्येकीला दहा मिनिटे द्यावीत. आधी वस्तू, मग पाटी. पाटीवर माध्यम, काळ, मिळाल्याचे ठिकाण पाहावे. मुलांबरोबर असाल तर त्यांना एकच वस्तू निवडायला सांगून तिचे रेखाटन करू द्यावे. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांनी अजिंठा असाच समजून घेतला. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हेही बेत आखताना ध्यानात ठेवावे.

एक प्रदर्शन व्हायला हवे

आगीतून वाचलेल्या ग्रिफिथ्सच्या नकला लंडनला आहेत, सय्यद अहमदांच्या परंपरेतल्या हैदराबादला आहेत. त्यांतल्या निवडक काही महिन्यांसाठी छत्रपती संभाजीनगरला याव्यात, असे मला मनापासून वाटते. हे शहर असे आहे, जिथला प्रेक्षक सकाळी दालनात 1870 च्या दशकातली भिंत पाहील आणि दुपारी दोन-अडीच तासांच्या प्रवासाने त्याच भिंतीसमोर उभा राहील. दीडशे वर्षांत काय गेले, काय टिकले, वार्निश उतरल्यावर काय पुन्हा दिसू लागले, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहता येईल.

त्यासाठी लागते ते उघड आहे. हवा आणि आर्द्रता स्थिर ठेवणारे एक दालन, मोजून पाडलेला उजेड, आगीपासून पक्का बंदोबस्त आणि जतनाचे शिक्षण घेतलेली माणसे. यांतले काहीच अशक्य कोटीतले नाही, आणि असे दालन एकदा उभे राहिले की हिमरू, पैठणी, जुनी हस्तलिखिते यांनाही आळीपाळीने तिथे जागा मिळेल. वस्तू उसनी देणारे संग्रहालय आधी दालन पाहते, मग वस्तू देते. ते दालन मागणे हे आपले, या शहरातल्या प्रेक्षकांचे काम आहे. आणि जी संग्रहालये आज उघडी आहेत तिथे नियमाने जाऊन आपल्याला पाहण्याची आवड आहे हे दाखवून देणे, ही त्या मागणीची पहिली पायरी आहे.